पायाखालचं पाणी



मध्यंतरी बरेच दिवस काही लिहिलं नाही. उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला होता. आता पुन्हा चालायला लागलोय, आणि पाय चालायला लागले की डोकंही चालायला लागतं, म्हणून आज बसलोय लिहायला.

माझ्या चालण्याची सुरुवात अगदीच अरसिक आहे. २००९ साली शाळेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. मी आज्ञाधारक माणूस. घराजवळच्या बागेत फेऱ्या मारू लागलो. एका फेरीला चार मिनिटं, अशा अकरा फेऱ्या. एके दिवशी ही म्हणाली, "घाण्याच्या बैलासारखे गोल गोल काय फिरता? सरळ चालत जा की कुठेतरी." बायकोचं ऐकून माणसाचं भलं होतं ह्याचं माझ्यापाशी हे एकच उदाहरण आहे. (हे ती वाचणार आहे, तेव्हा 'एकच' हा शब्द मागे घेतो.)

दुसऱ्या दिवशी पदमपुऱ्यातून सरळ निघालो. बाबा पेट्रोल पंप, बसस्टँड, मिलकॉर्नर, भडकल दरवाजा. तिथे थांबून वर बघितलं. चौतीस वर्षं ह्या शहरात इतिहास शिकवला, ह्या दरवाजावरून सायकलने, मग स्कूटरने हजारदा गेलो असेन. पण मान वर करून बघितल्याचं आठवेना. सायकलवरून जाताना माणूस खड्डे बघतो, स्कूटरवरून जाताना पोलीस बघतो. चालताना मात्र बघण्यासारखं दुसरं काही नसतं, म्हणून मग शहर दिसतं.

आता थोडा इतिहास. मास्तर आहे, सवय जात नाही.

हा भडकल दरवाजा १६१२ चा, मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. त्याआधी दोनच वर्षं, १६१० मध्ये, त्याने खडकी नावाच्या खेड्याच्या जागी हे शहर वसवायला घेतलं. १६२६ मध्ये तो वारला. मुलाने, फत्तेखानाने, गावाचं फत्तेनगर केलं. १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला, त्याने औरंगाबाद केलं. आणि २०२३ पासून आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो. चार नावांचं गाव. आमच्या गल्ल्यांची नावंही अशीच पाहुण्यांची. मी राहतो तो पदमपुरा बिकानेरच्या पद्मसिंहाचा आणि शेजारचा कर्णपुरा, जिथे नवरात्रात देवीची जत्रा भरते, तो त्याच्या वडिलांचा, राजा कर्णसिंहाचा. हे लोक मुघलांच्या चाकरीत राजस्थानातून आले. कर्णसिंह तर इथेच १६६९ मध्ये वारले. वाळवंटातून आलेली माणसं, त्यांनाही इथे पहिल्यांदा पाणीच शोधावं लागलं असेल.

पाण्याचं मनात यायला कारण आहे. भडकलवरून पुढे महमूद दरवाजातून मी पाणचक्कीला गेलो. शाळेच्या सहली घेऊन इथे सात-आठ वेळा तरी आलो असेन. मुलं मोजायची, डबे खायला बसवायची, पुन्हा मुलं मोजायची, गाडीत भरायची. त्या दिवशी मोजायला कोणी नव्हतं. हौदाच्या काठावर बसलो. भिंतीच्या माथ्यावरून पाणी हौदात पडत होतं. कित्येक किलोमीटरवरच्या डोंगराकडून खापरी नळातून जमिनीखालून आलेलं, आणि पंप नाही, वीज नाही, केवळ आपल्याच दाबाने त्या भिंतीत वर चढलेलं पाणी. ह्याच पाण्यावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. १७४४ च्या सुमारास तुर्कताजखान नावाच्या सरदाराने हे सगळं उभं केलं. गंमत म्हणजे हा हौद ज्यावर आहे, त्याच्या खाली एक खांबांचं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. भर एप्रिलात आत गार असतं. मुलांना हे मी कधी सांगितलंच नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं!

आणि तिथे बसल्या बसल्या मला तो मुलगा आठवला.

१९८६ ची गोष्ट असेल. सातवीचा वर्ग, 'टीपा लिहा : मलिक अंबर' हा प्रश्न मी फळ्यावर लिहून देत होतो. हबशी गुलाम, निजामशाहीचा वजीर, गनिमी कावा, जमीन महसूल पद्धत. चार मुद्दे, झाली टीप. शेवटच्या बाकावरून बेगमपुऱ्यातला एक मुलगा उठला. "सर, आमच्या गल्लीतल्या हौदात जमिनीखालून पाणी येतं, ते मलिक अंबरचं का?" वर्ग हसला. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं लिही. शहाणपणा नको." तो बसला. पण गप्प नाही बसला. वार्षिक परीक्षेत त्याने टिपेच्या शेवटी चार ओळी त्या हौदावर लिहिल्या, आजी घागर कशी भरते तेसुद्धा. मी लाल पेनने त्याखाली रेघ मारली, 'अवांतर' लिहिलं आणि एक मार्क कापला.

तो 'अवांतर' शब्द पाणचक्कीच्या हौदावर पंचवीस वर्षांनी माझ्याच अंगावर आला.

खरं तर मला पाण्याची किंमत कळायला हवी होती. मी फुलंब्रीकडच्या एका खेड्यातला. १९७२ च्या दुष्काळात आमची विहीर तळाला गेली. बी.ए. झालेला मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतो आणि दुपारी सुकडीच्या रांगेत उभा राहत होतो. त्या उन्हात आई दोन कोसांवरून आणलेल्या हंड्यातलं पाणी गाळून घेताना थेंबही सांडू देत नसे. असा मी, मुलगा जमिनीखालच्या पाण्याबद्दल विचारतोय तर त्याला खाली बसवतो. असो.

मग मी नहरीच्या मागे लागलो. वाचनालयात बसून वाचलं, आणि वाचलेलं पायाखाली घालून बघितलं.

नहर-ए-अंबरी साधारण १६१७-१८ ची. मलिक अंबरने त्यासाठी मोठं धरण बांधलं नाही. हर्सूलच्या बाजूला जमिनीत मुरलेलं पाणी जिथे सापडतं, तिथे खोल खणून ते झिरपणारं पाणी भुयारात गोळा केलं, भुयाराला अगदी बेताचा उतार दिला आणि पाणी आपल्या पायांनी शहरात आणलं. हवा खेळावी आणि माणसाला गाळ काढायला उतरता यावं म्हणून मधूनमधून वर तोंडं ठेवली. उन्हाने आटायला पाणी उघड्यावर नाहीच. पुढे ह्याच धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या, डझनाच्या आसपास. पाणचक्कीची त्यातलीच एक.

ही विद्या मूळची इराणकडची, तिकडे तिला कनात म्हणतात. आणि इथे एक फार मजेची गोष्ट आहे. मुघलांच्या दख्खन मोहिमांचं ठाणं बऱ्हाणपूर. तिथेही त्याच सुमारास, १६१५ च्या आसपास, अशीच भुयारी पाणीव्यवस्था झाली, आज तिला कुंडी भंडारा म्हणतात. त्या वेळी बऱ्हाणपुरात कोण होता? अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोह्यांचा रहीम, अंबरशी वर्षानुवर्षं लढणारा मुघल सेनापती. दोन शत्रू एकमेकांच्या फौजा कापत होते आणि दोघांच्याही शहरात त्याच वर्षांत जमिनीखाली कुदळी चालू होत्या. हे जर मी सातवीला सांगितलं असतं, तर एक तरी पोरगं शेवटच्या बाकावर झोपलं असतं का?

एका डिसेंबरात आम्ही तिघं निवृत्त मंडळी हर्सूलकडून शहराकडे चालत आलो. तलाव, तुरुंगाची भिंत, मग शेतं, मग शेतांच्या जागी उगवलेल्या वसाहती. मध्ये कुठे विटा-चुन्याचं जुनं तोंड दिसलं की आम्ही लहान मुलांसारखे धावत जायचो (म्हणजे आमच्या वयाच्या मानाने धावत). कुठे त्यात कचरा, कुठे वरून भिंतच घातलेली. एका ठिकाणी खाली वाकून कान दिला तर आवाज आला. आमच्यातले एकजण गणिताचे मास्तर, ते म्हणाले, भास असेल. मग त्यांनीही वाकून ऐकलं आणि काही बोलले नाहीत. पुढे हिमायत बाग, सलीम अली सरोवर, ज्याला जुने लोक खिजरी तलाव म्हणतात, आणि दिल्ली दरवाजा. तिथे चहा घेतला. त्या चहाची चव अजून आहे.

वाचताना लक्षात आलं, की ह्या नहरीच्या आगेमागे शहर दोनदा उद्ध्वस्त झालेलं आहे. १६१६ मध्ये मुघल फौजांनी खडकी जाळली, १६२१ मध्ये पुन्हा. म्हणजे पहिल्या राखेवर उभं राहून ह्या माणसाने पाण्याचं काम काढलं. दुसऱ्यांदा घरं जळाली, हवेल्या पडल्या. भुयाराला आग कुठून लागणार! आणि पाणी हे त्याचं हत्यारही होतं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीचा चिखल करून टाकला. त्याच लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले, आणि त्यांचे बंधू शरीफजी पडले. आमच्या टिपेत 'गनिमी कावा' असे दोन शब्द होते, त्यात हा सगळा चिखल बसलेला होता.

मंडळी, आता तुम्हाला गावाबाहेर घेऊन जातो. आमच्याकडे श्रावणात शुक्रवारी रात्री लोक खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघतात. पंचवीसेक किलोमीटर. छावणी, मिटमिटा, शरणापूर, मग अंधारात देवगिरीचा किल्ला, मग घाट. रस्ताभर माणसंच माणसं. तरुण पोरं मोबाइलवर गाणी लावून, बायका अनवाणी, आणि ठिकठिकाणी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन उभे असलेले लोक. २०१२ साली मीही निघालो. किल्ल्याजवळ पोचलो तेव्हा एकनाथ महाराज आठवले. पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले तेव्हा ते पोरवयाचे होते. त्यांना खिचडी देणारं कोणी भेटलं असेल का? घाटात माझी हवा निघाली. एका अनोळखी मुलाने हात धरून वर नेलं, "बाबा, थांबू नका, थांबलं की पाय धरतात" म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

पहाटे निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं. लोक परतीच्या गाड्या शोधू लागले आणि मी लंगडत मलिक अंबरच्या कबरीकडे गेलो. मोठी घुमटाची इमारत, जवळच त्याच्या बायकोची, बीबी करीमाची, लहानशी. कोणी नव्हतं. एक शेळी दारात बसली होती. ज्याला जहांगीर बादशहा उभ्या आयुष्यात समोरासमोर भेटला नाही, पण ज्याच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने काढून घेतलं (ते आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे), तो माणूस इथे स्वस्थ झोपलाय. ते मुंडकं बादशहाला प्रत्यक्षात कधी मिळालं नाही. मी चप्पल काढून ओट्यावर बसलो. पायाला फोड आले होते. मास्तरकीतली एक चूक कबूल करायला ह्याहून बरी जागा नव्हती. पण मोठ्याने बोललो नाही, शेळी होती ना.

समुद्र आमच्या वाट्याला नाही. आमच्या मराठवाड्यात समुद्र बघायचा तर पैठणचा नाथसागर. पण मुलगी अलिबागला दिली आहे, त्यामुळे वर्षातून आठ दिवस खरा समुद्रही मिळतो. २०१४ च्या जानेवारीत जावईबापूंनी रेवदंड्याला नेऊन सोडलं. किल्ल्याची लांबच लांब तटबंदी, सुरूची झाडं, आणि तटाला लागूनच किनारा. ओल्या वाळूत चालताना गुडघा दुखत नाही हे तिथे कळलं. तट पोर्तुगिजांचा. शेजारचं चौल निजामशाहीचं बंदर. अरबी घोडे इथे उतरायचे, आणि माणसंही उतरायची, विकलेली. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने पोर्तुगिजांना इथेच वेढा घातला होता. त्याच दशकात केव्हातरी चापू नावाचा एक हबशी तरुण, अरबांच्या बाजारात विकला गेलेला, बगदादच्या एका व्यापाऱ्याकडून दख्खनेत आला आणि निजामशाहीच्या पेशव्याने, चंगेजखानाने, त्याला विकत घेतलं. तोच हा मलिक अंबर. तो नेमक्या कुठल्या किनाऱ्यावर उतरला ह्याची मी तिथे उभं राहून उगाच कल्पना करत बसलो.

मुलगी म्हणाली, "बाबा, इथे तरी मलिक अंबर नको. नारळपाणी घ्या."

घेतलं. पण मनात पैठण होतंच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहिलंय, की भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि पैठण-तेरचा माल गाड्यांवर लादून रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर येतो. म्हणजे समुद्र आमच्यापासून लांब असेल, पण आमची माणसं त्याच्यापर्यंत जात होती. गाडीशेजारून बहुधा चालतच.

आता त्या मुलाचं राहिलं.

२०११ मध्येच मी त्याला शोधायला बेगमपुऱ्यात गेलो होतो. शोधायला वेळ लागला नाही, गल्लीत सगळे ओळखत होते. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान. तांब्याची तार गुंडाळत बसला होता, केस पांढरे व्हायला लागलेले. मला बघून उठला, हात पुसून पाया पडला, आणि स्टूल पुढे केलं. मी सरळ विषयाला आलो नाही, इकडचं तिकडचं बोललो. शेवटी विचारलं, "तो हौद दाखवशील?"

दुकान तसंच उघडं ठेवून तो निघाला. चालत पाच मिनिटं. थत्ते हौद. दोन बायका पाणी भरत होत्या. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. मी ओंजळभर प्यालो, साखरेला चालतं की नाही ह्याचा विचार न करता! आमच्या नळाला ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी घरात सणासारखी धावपळ असते; ते बिचारं नाथसागरातून पंपाच्या जोरावर चढ चढून येतं. हे मात्र कोणाला न विचारता, वीजबिल न भरता तिथे येत होतं.

मग मी त्याला सांगितलं, "तू विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर आज देतो. हे पाणी मलिक अंबरच्या नहरीचं नाही. ही थत्ते नहर, वेगळी. पण पाणी आणायची पद्धत तीच, आणि ह्या शहरात तिची सुरुवात त्याने केली."

तो थोडा वेळ हौदाकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "म्हणजे सर, मार्क कापला तो बरोबरच होता म्हणायचा!"

त्याला 'अवांतर' आठवत होतं. मार्कासकट.

माझ्याच्याने काही बोलवेना. त्याने एका बाईकडून तांब्या मागून घेतला, भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आजी गेली तेव्हा तिच्या तोंडात ह्याच हौदाचं पाणी घातलं होतं.

तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आम्ही दोघं चालतो. कधी मकबऱ्यामागून विद्यापीठातून लेण्यांपर्यंत. तिथे सातव्या लेण्यात नाचणारी स्त्री आणि भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका आहेत, ती शिल्पं बघायला त्याला फार आवडतं. कधी नुसतं खाम नदीच्या पुलापर्यंत. मी सांगतो आणि तो मध्येच थांबवून प्रश्न विचारतो. अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला येत नाहीत. ती घरी जाऊन शोधावी लागतात.

गुडघ्यामुळे तीन महिने खंड पडला होता. काल त्याचा फोन आला, दिल्ली दरवाजाजवळ एका ठिकाणी खोदकामात जुनं खापरी नळाचं तोंड उघडं पडलंय, बुजवायच्या आत बघायला या. उद्या सकाळी सहाला निघतोय. ही म्हणते, काठी घेऊन जा. घेणार आहे.